छोट्या पाणी योजनेचे ऊर्जा लेखापरीक्षण: घेतलेल्या सेवेचा सविस्तर अभिप्राय

एक विंधन विहीर, तिच्यातला पाणबुडी पंप, उंचावरची एक टाकी, चढावरच्या घरांसाठी एक बूस्टर पंप आणि गावाच्या टोकाला सांडपाण्याचे लहानसे शुद्धीकरण केंद्र एवढाच आमच्या योजनेचा पसारा आहे. तिचे कामकाज मी पाहते. खर्चाच्या नोंदी मांडायला बसले की दर महिन्याला एकच गोष्ट समोर येते: पगार, क्लोरीन आणि किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च आपल्या हातात फारसा नसतो, वीज मात्र बरीचशी आपल्या हातात असते, आणि तिच्याकडेच आपण कधी नीट पाहिलेले नसते. म्हणून आम्ही लहान योजनांसाठी ऊर्जा लेखापरीक्षण करून देणारी एक सेवा घेतली. दोन दिवसांची मोजमापे, त्यानंतर लेखी अहवाल आणि अहवाल समजावून देणारी एक बैठक असे तिचे स्वरूप होते. सुचवलेली बहुतेक कामे आता झाली आहेत आणि पुन्हा मोजणीही झाली आहे, त्यामुळे त्या सेवेतले काय उपयोगी पडले आणि काय नाही, हे आता आकड्यांसह सांगता येते.

या सेवेने आम्हाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक मापपट्टी: हजार लिटर पाणी टाकीत चढवायला किती युनिट वीज लागते. ऐकायला हे अगदी साधे वाटते, पण तोपर्यंत आम्ही फक्त वीजबिलाचा एकूण आकडा पाहत होतो आणि तो वाढला की पाणी जास्त उपसले गेले असेल असे समजून गप्प बसत होतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला निसर्गनियमाने ०.२७२ युनिट लागतात. त्याहून कमी विजेत ते कोणालाही उचलता येणार नाही. आपला पंप त्याच्या किती पट वीज घेतो, यावरून त्याची तब्येत कळते. पहिल्या दिवशी सकाळी परीक्षकांनी आमच्या पंपचालकांना शेजारी बसवून हा हिशेब कागदावर करून दाखवला, ही त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. तासाला किती घनमीटर पाणी येते ते घ्यायचे, एकूण किती मीटर हेड आहे (म्हणजे पाणी चढवायची उंची आणि पाइपमधल्या घर्षणापोटी लागणारी जादा उंची यांची बेरीज) त्याने गुणायचे आणि ३६७ ने भागायचे. पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. वीजमापकावर दिसणाऱ्या किलोवॉटशी तिचे गुणोत्तर काढले की पंप, मोटर आणि केबल या सगळ्यांची मिळून कार्यक्षमता निघते.

आमच्या पंपाची मोजणी अशी आली: प्रवाह तासाला १८ घनमीटर, पंप चालू असताना विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीखाली ४२ मीटर, टाकीतला नळ जमिनीपासून २४ मीटर उंच, आणि ऊर्ध्ववाहिनीतील, म्हणजे पाणी टाकीकडे चढवणाऱ्या पाइपमधील, घर्षण ९ मीटर. एकूण हेड ७५ मीटर. म्हणजे पाण्याला मिळणारी शक्ती सुमारे ३.७ किलोवॉट, आणि पंप घेत होता ९.२ किलोवॉट. कार्यक्षमता ४० टक्के, आणि हजार लिटरमागे ०.५१ युनिट. चांगल्या स्थितीतल्या, योग्य निवडलेल्या पंपाने याच कामाला सुमारे ०.३४ युनिट घ्यायला हवे होते. पंप वर्षानुवर्षे विनातक्रार चालत होता, मोटर तापत नव्हती, पाणीही येत होते, त्यामुळे बिघाड आहे असे कोणाला वाटले नाही. वाळूने इम्पेलर, म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी चाके, झिजतात, फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्यातली फट वाढते आणि उचललेले पाणी आतल्या आत मागे फिरते; हे सगळे ४२ मीटर खोल अंधारात घडते आणि त्याची खूण फक्त वीजमापकावर उमटते.

इथे मोजमापाच्या दर्जाबद्दल थोडे तपशिलाने लिहायला हवे, कारण अशा सेवेची खरी परीक्षा तिथेच होते. प्रवाह मोजण्यासाठी परीक्षकांनी पाइपच्या बाहेरून बांधायचा अल्ट्रासोनिक प्रवाहमापक आणला होता. उपकरण चांगलेच होते, पण पहिल्यांदा ते पंपघरातल्या पाइपच्या बाकापासून, म्हणजे वळणापासून, हातभर अंतरावर लावले गेले. अशा मापकाला पाणी येते त्या बाजूस पाइपच्या व्यासाच्या साधारण दहापट आणि जाते त्या बाजूस पाचपट सरळ लांबी लागते. बाकाजवळ प्रवाह वळवळत असतो आणि आकडा फसवा येतो. आमच्या पंपचालकांनी शंका काढली की एवढे पाणी आमच्या टाकीत कधीच येत नाही. मग टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून पातळी किती वेळात किती चढते ते मोजले आणि मापक पंपघराबाहेरच्या सरळ भागात हलवला. दोन्ही आकडे जुळले. शंका ऐकून घेऊन पुन्हा मोजायची तयारी त्यांनी दाखवली याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र टाकी भरून पडताळणी करणे हा त्यांच्या ठरलेल्या कामाचा भाग असायला हवा होता, कारण प्रवाहाचा आकडा चुकला तर त्यावर उभा राहणारा सगळा अहवाल चुकतो.

विहिरीतील पातळीबाबत त्यांनी घेतलेली काळजी मात्र वाखाणण्यासारखी होती. पंप बंद असताना पाणी ३० मीटरवर होते, चालू केल्यावर ते हळूहळू ४२ मीटरवर जाऊन स्थिरावले. हे १२ मीटरचे उतरणे म्हणजे दर फेरीला भरावी लागणारी जास्तीची उचल आहे, आणि ती उपशाच्या वेगाबरोबर वाढते. अनेक ठिकाणी पंप निवडताना बंद विहिरीची पातळी धरली जाते आणि मग पंप आपल्या उत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूपासून दूर, चुकीच्या जागी चालत राहतो. परीक्षकांनी पंप दोन तास चालू ठेवून, पातळी स्थिर झाल्याची खात्री करूनच आकडा लिहिला.

सर्वांत स्वस्त शोध लागला तो एका व्हॉल्व्हवर. ऊर्ध्ववाहिनीवरच्या स्लुइस व्हॉल्व्हच्या आधी आणि नंतर त्यांनी प्रेशर गेज बसवले, तेव्हा दोन्हींत ०.४ बारचा, म्हणजे सुमारे ४ मीटरचा फरक दिसला. घर्षणाच्या ९ मीटरपैकी ४ मीटर एकाच जागी जात होते. चाक पूर्ण उघडे फिरलेले होते, पण आतला दरवाजा दांड्यावरून निसटून अर्धवट लटकत होता. असा व्हॉल्व्ह बाहेरून पाहून कधीच कळत नाही. तो बदलल्यावर मोटरचा अँपिअर किंचित वाढला आणि आमच्यापैकी काहीजण चिंतेत पडले. इथेच त्या मापपट्टीचा उपयोग झाला: मार्ग मोकळा झाला की अशा पंपातून पाणी जास्त येते आणि त्यामुळे मोटर थोडी जास्त वीज घेऊ शकते, पण हजार लिटरमागची वीज कमी होते आणि पंप कमी तास चालतो. नुसता अँपिअर पाहून निर्णय घेणाऱ्याने तो व्हॉल्व्ह पुन्हा आवळला असता.

आता या सेवेतल्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे येते. अहवालात विहिरीचा पंप, बूस्टर पंप आणि सांडपाणी केंद्रात हवा सोडणारा ब्लोअर या तिन्हींवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण, बसवण्याची शिफारस होती आणि तिन्हींसाठी बचतीचे आकडे एकाच सूत्राने काढलेले होते. ते सूत्र सर्वपरिचित आहे: वेगाच्या प्रमाणात प्रवाह, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात हेड आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती बदलते. वेग ८० टक्के केला की शक्ती ५१ टक्क्यांवर येते, म्हणून बचत जवळपास निम्मी, असा तो हिशेब होता. कागदावर तो मोहक दिसतो. पण आमच्या विहिरीच्या पंपाच्या ७५ मीटर हेडपैकी ६६ मीटर ही निव्वळ उंची आहे. वेग कमी केल्याने उपसा घटून विहिरीतले १२ मीटरचे उतरणे कमी झाले, तरी उरलेले ५४ मीटर तसेच राहतात. पंपाच्या आलेखानुसार, म्हणजे कोणत्या प्रवाहाला तो किती हेड देतो ते दाखवणाऱ्या रेषेनुसार, प्रवाह शून्य असताना तो पूर्ण वेगाने जास्तीत जास्त १०० मीटरपर्यंत दाब निर्माण करतो. वेग ८० टक्के केला की तो दाब १०० चा ६४ टक्के, म्हणजे ६४ मीटर होतो. त्यातले किमान ५४ मीटर नुसत्या उंचीवरच खर्च होतात. म्हणजे शिफारशीप्रमाणे वेग ठेवला असता तर पंप फिरत राहिला असता, वीज घेत राहिला असता आणि टाकीत नेहमीपेक्षा फारच थोडे पाणी पोहोचले असते.

ही चूक मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण ती एका संस्थेपुरती नाही. व्हीएफडी हे उत्तम उपकरण आहे आणि म्हणूनच ते जिथे नको तिथेही सुचवले जाते. ते स्वतःही थोडी वीज खाते, उष्ण आणि धुळीच्या पंपघरात त्याला थंडावा द्यावा लागतो, आणि खोल विहिरीतल्या मोटरपर्यंत लांब केबल असेल तर विजेच्या लाटा परावर्तित होऊन मोटरच्या वेष्टनावर ताण येतो, तो टाळायला फिल्टर बसवावा लागतो. स्थिर उंचीवर एकाच ठरावीक प्रवाहाने टाकी भरणाऱ्या पंपाला त्याची गरज क्वचितच असते. त्याला हवा असतो योग्य आकाराचा पंप. बैठकीत आम्ही पंपाचा आलेख समोर ठेवल्यावर परीक्षकांनी ही शिफारस मागे घेतली आणि सुधारित अहवाल दिला. त्यांनी मोकळेपणाने चूक मान्य केली हे चांगलेच झाले, पण ज्या योजनेकडे आलेख वाचणारे कोणी नसेल तिथे काय होईल, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

बूस्टर पंपाबाबत तीच शिफारस अगदी रास्त होती. चढावरच्या घरांची मागणी सकाळी भरपूर, दुपारी जेमतेम आणि रात्री नगण्य असते. तिथे उंची थोडी आणि घर्षण जास्त आहे. पंप पूर्ण वेगाने चालवून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवण्याची आमची पद्धत होती, म्हणजे एकीकडे वीज खर्च करून दाब तयार करायचा आणि दुसरीकडे तोच दाब व्हॉल्व्हमध्ये जिरवायचा. आता दाबाच्या संवेदकावरून वेग आपोआप ठरतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो. रात्री दाब उतरवल्यामुळे त्या भागातली गळतीही कमी झाली; जुन्या वाहिन्यांतल्या गळतीचे प्रमाण साधारणपणे दाबाबरोबरच कमीजास्त होते, आणि रात्री नळ बंद असताना दाब सर्वांत जास्त असतो.

गळती हा विषय ऊर्जेच्या अहवालात मागच्या पानांवर ढकलला गेला होता, आणि मला हे मुळीच पटले नाही. गळलेले प्रत्येक लिटर आपण आधी ७५ मीटर उचललेले असते, त्यात क्लोरीनही घातलेले असते. परीक्षक दिवसा आले आणि दिवसाच गेले; गळती दिसते ती रात्री. म्हणून आमच्या पंपचालकांनी स्वतः रात्री २ ते ४ या वेळेत पंप बंद ठेवून टाकीची पातळी मोजली. टाकीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर आहे आणि पातळी तासाला ७ सेंटिमीटर उतरत होती. म्हणजे सगळे गाव झोपलेले असताना तासाला जवळपास २ घनमीटर पाणी कुठेतरी जात होते. त्यातले थोडे कोणी खरोखर वापरत असेल आणि दिवसा दाब कमी असल्याने गळतीही थोडी कमी होत असेल, तरी दिवसाला उपसलेल्या २०० घनमीटरपैकी जवळपास पाचवा हिस्सा वाया जात होता. एक एक भागाचा व्हॉल्व्ह बंद करत गेल्यावर उताराच्या बाजूच्या एका जुन्या जोडावर आणि वापरात नसलेल्या दोन जोडण्यांवर गळती सापडली. दुरुस्तीनंतर पातळी तासाला दीड सेंटिमीटर उतरू लागली. कसलेही महागडे उपकरण न वापरता, एक मोजपट्टी आणि दोन रात्रींचे जागरण यांवर हे काम झाले, आणि ते करणाऱ्या माणसाविषयी मला अतिशय आदर वाटतो.

याच ठिकाणी अहवालातली दुसरी हिशेबी चूक उघड झाली. गळती थांबवल्याने रोज २० युनिट आणि नवा पंप बसवल्याने रोज ३४ युनिट वाचतील, म्हणून एकूण ५४, अशी बेरीज तिथे होती. पण गळती थांबली की उपसायचे पाणीच २०० वरून १६० घनमीटरवर येते, आणि नव्या पंपाची बचत त्या १६० वरच मोजावी लागते. ती मग सुमारे २७ च भरते आणि एकूण आकडा ५४ ऐवजी जवळपास ४८ होतो. फरक फार मोठा नाही, पण अशा बेरजेवर कर्जाचे हप्ते ठरवणाऱ्या योजनेला तो जाणवेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. गळती आधी थांबवली, व्हॉल्व्ह आधी बदलला, त्यामुळे नवा पंप ७५ ऐवजी ७१ मीटर हेडसाठी निवडता आला. उलट क्रमाने गेलो असतो तर नवा पंप पहिल्या दिवसापासून चुकीच्या बिंदूवर चालला असता. अहवालात शिफारशी परतफेडीच्या काळानुसार लावल्या होत्या. त्या कामाच्या क्रमाने लावायला हव्या होत्या.

विजेच्या जोडणीची तपासणी त्यांनी झटपट पण नेटकी केली. तीन फेजमधल्या व्होल्टेजमध्ये एक टक्क्याचा असमतोल असला तरी करंटमधला असमतोल त्याच्या सहा ते दहापट होऊ शकतो आणि मोटर विनाकारण तापते, म्हणून त्यांनी प्रत्येक फेज वेगवेगळी मोजली आणि पॅनेलमधला एक सैल जोड शोधून काढला. कपॅसिटरबाबत त्यांचे स्पष्टीकरण प्रामाणिक होते: त्याने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेचा किती भाग प्रत्यक्ष कामाला येतो त्याचे माप, सुधारतो, त्यावरचा दंड आणि मागणी आकार कमी होऊ शकतो, पण पंपाने वापरलेले युनिट जवळजवळ तेवढेच राहतात. बाजारात हेच उपकरण वीज वाचवणारे म्हणून विकले जाते, त्यामुळे हे स्पष्ट सांगणारा सल्लागार भेटणे ही चांगली गोष्ट आहे. सौर पंपाचा विषय आमच्याच सभासदांनी काढला. त्यावर त्यांनी आधी गरज कमी करा आणि मग उरलेल्या गरजेएवढेच पॅनेल घ्या असे सांगितले, ते योग्यच होते.

सांडपाणी केंद्राचा भाग हा या अहवालाचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि तो वाचूनच या सेवेबद्दलचे माझे मत शेवटी अनुकूल झाले. आमचे केंद्र लहान आहे: एका टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून मैला पचवायचा, दुसऱ्या टाकीत गाळ बसू द्यायचा. अशा केंद्रांत निम्म्याहून अधिक वीज नुसती हवा सोडण्यात जाते. ब्लोअर सुरू झाला त्या दिवसापासून तो आमच्याकडे चोवीस तास चालू होता, कारण तो बंद केला तर जिवाणू मरतील अशी भीती सर्वांना होती. परीक्षकांनी विरघळलेल्या प्राणवायूचा मापक टाकीत सोडला तेव्हा पहाटे आकडा लिटरला ६ मिलिग्रॅमच्या वर होता. साधारण २ मिलिग्रॅम पुरेसे असते.

जास्त प्राणवायू असला तर बिघडते काय, असे मीही विचारले होते. त्यांचे उत्तर मला इतके पटले की मी ते नंतर सर्व सभासदांना सांगितले. २० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाण्यात जेवढी जागा रिकामी, तेवढ्या ओढीने हवेतला प्राणवायू आत जातो. टाकीत २ मिलिग्रॅम असताना ही ओढ ७.१ असते, ६ असताना ती फक्त ३.१ उरते. म्हणजे तोच प्राणवायू जिवाणूंना पोहोचवायला ६ वर चालणाऱ्या टाकीला जवळपास २.३ पट हवा लागते. जास्तीची हवा पाण्यात न विरघळताच बुडबुड्यांतून वर निघून जाते.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय सावध होता. आधी टायमर लावून रात्री काही मिनिटे ब्लोअर बंद ठेवायचा, प्रत्येक बदलानंतर आठवडाभर थांबायचे, रोज काचेच्या नळकांड्यात अर्धा तास गाळ बसवून पाहायचा, अमोनिया तपासायचा, आणि सर्व ठीक असेल तरच बंद काळ वाढवायचा. बंद काळात आणखी एक लाभ होतो, तो मला ठाऊक नव्हता. हवा नसताना जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. नायट्रेट पुढे मोडले गेले की त्यातला २.८६ ग्रॅम प्राणवायू मैला पचवण्यासाठी पुन्हा उपयोगी पडतो, आणि नायट्रेट बनताना खर्ची पडलेल्या क्षारतेपैकी (पाण्याच्या आम्लता रोखण्याच्या क्षमतेपैकी) निम्मी परत मिळते. म्हणजे ब्लोअर योग्य वेळी बंद ठेवला तर वीज वाचते आणि बाहेर पडणारे पाणीही अधिक चांगले होते. विजेची बचत आणि पाण्याची शुद्धता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात असतील अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरल्याचा मला फार आनंद झाला.

मर्यादाही त्यांनी लिहिल्या होत्या. मोटर तासात किती वेळा सुरू करता येते याला बंधन असते. टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर चिनीमातीचे, सच्छिद्र असतील तर हवा बंद असताना त्यांत गाळ शिरून ते बुजू शकतात, रबरी पडद्याचे असतील तर ते आपोआप मिटतात. आमच्यासारख्या ब्लोअरवर, जो प्रत्येक फेरीला ठरावीक हवा ढकलतो, बाहेरचा व्हॉल्व्ह आवळून हवा कमी करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्याने दाब आणि वीज दोन्ही वाढतात. त्याचा वेगच कमी करायला हवा. आमच्या ब्लोअरला पट्टा असल्यामुळे केवळ पुली बदलूनही वेग कमी करता येतो, ही सूचना अहवालात तळटीपेत होती. आम्ही आधी पुली बदलली आणि मग टायमर लावला, त्यामुळे ब्लोअरवर व्हीएफडीची गरजच उरली नाही. एवढी उपयोगी गोष्ट तळटीपेत का होती, हे मला कळले नाही.

बैठकीचा अनुभव मात्र निराशाजनक होता. अहवाल जाडजूड होता, त्यातली भाषा तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेली होती, आणि ज्यांनी रोज व्हॉल्व्ह फिरवायचे आहेत त्या पंपचालकांसाठी एक पानही वेगळे नव्हते. आम्ही मागणी केल्यावर त्यांनी पंपघरात लावण्यासाठी एक तक्ता करून दिला: रोज सकाळी पाणीमापकाचा आकडा, वीजमापकाचा आकडा, दाब आणि पंप चालल्याचे तास. खरे तर या चार रकान्यांमुळेच पुढची सगळी कामे शक्य झाली, कारण केलेल्या प्रत्येक बदलाचा परिणाम आठवड्याच्या आत आम्हाला दिसू लागला.

आज आमची स्थिती अशी आहे: विहिरीच्या पंपाला हजार लिटरमागे ०.५१ ऐवजी ०.३४ युनिट लागतात, रोजचा उपसा २०० वरून १६० घनमीटर झाला आहे, आणि त्यामुळे रोजचे १०२ युनिट ५४ वर आले आहेत. घरांना मिळणारे पाणी तेवढेच आहे. ब्लोअर कमी वेगाने आणि चोवीस तासांऐवजी टप्प्याटप्प्याने चालतो, गाळ पूर्वीपेक्षा चांगला बसतो आणि दुर्गंधीची तक्रार आलेली नाही.

ही सेवा घ्यावी का, असे विचारणाऱ्या लहान योजनांना मी घ्यावी असेच सांगेन, पण काही अटी आधीच लेखी ठरवून घ्याव्यात. मोजमापात किमान एक रात्र असावी. प्रवाहाची पडताळणी टाकी भरून करावी. प्रत्येक पंपाचे एकूण हेड आणि त्यातली निव्वळ उंची वेगवेगळी लिहावी, आणि वेग बदलण्याची शिफारस असेल तर ती त्या पंपाच्या आलेखावर दाखवावी. शिफारशी कामाच्या क्रमाने असाव्यात. ज्या योजनेत पाणीमापकच नाही तिने परीक्षकांना बोलावण्याआधी तो बसवावा आणि किमान काही महिन्यांच्या नोंदी ठेवाव्यात, नाहीतर दोन दिवसांच्या पाहुण्यांना केवळ अंदाजच बांधता येतील.

आम्ही स्वतः पुढची मोजणी पाण्याची पातळी सर्वांत खाली गेलेली असेल त्या महिन्यात ठेवली आहे, कारण नवा पंप त्या हेडवर कसा वागतो ते अजून पाहायचे आहे. विहिरीत पातळी मोजण्याची नळी नवा पंप उतरवतानाच कायमची बसवून घेतली आहे, त्यामुळे या वेळी ते काम आमचे पंपचालक स्वतःच करतील.